वैद्याचा लॅपटॉप : मध्यम खर्चातील डोळस निवड

देवळाली कॅम्पच्या कोरड्या, थंड हवेचा लौकिक जुना आहे. ब्रिटिश अमदानीत येथे लष्कराची छावणी वसली. पुढे मुंबईकरांनी हवापालटासाठी येथे बंगले आणि आरोग्यधामे बांधली. दमा, संधिवात, दीर्घ आजारानंतरचे दौर्बल्य अशा तक्रारी घेऊन हिवाळ्यात येथे येऊन राहणारी मंडळी आजही आहेत. त्यामुळे कॅम्पात चिकित्सा करणाऱ्या वैद्याचा रुग्णवर्ग तीन प्रकारचा असतो. पहिला हा ऋतूपुरता येणारा पाहुणा. दुसरी तोफखान्याच्या निमित्ताने येथे असलेली लष्करी कुटुंबे. बदली झाली की ती दूर जातात आणि जाताना चिकित्सेचा गोषवारा मागतात. तिसरी भगूर, लहवित, पांढुर्ली या बाजूची शेतकरी मंडळी. ती पेरणी-कापणीच्या सवडीने, कधी सहा-सहा महिन्यांनी येतात. तिन्ही प्रकारांत एक गोष्ट समान आहे. रुग्ण जातो आणि पुष्कळ काळाने परत येतो. अशा वेळी वैद्याची स्मरणशक्ती पुरत नाही, नोंदच उपयोगी पडते.

या नोंदीचे मोल आम्हाला एका कटू अनुभवाने कळले. तो प्रथम सांगतो, कारण या लेखाचे मूळ त्यात आहे.

२०२४ च्या पावसाळ्यात आमचा जुना लॅपटॉप बंद पडला. साडेपंधरा इंची, जड, आत फिरती हार्ड डिस्क असलेला. दुचाकीवरून खेड्यातील शिबिरांना तो अनेक वर्षे आमच्याबरोबर हिंडला होता. एके दिवशी शिबिरात सुरू करताच आतून टकटक आवाज आला आणि पडदा काळा राहिला. नऊ वर्षांचे केसपेपर त्या डिस्कवर होते. दुसरी प्रत नव्हती. दोष यंत्राचा नव्हता, दुकानदाराचाही नव्हता. तो सर्वस्वी आमचा होता. डिस्कमधील माहिती काढून देणाऱ्यांकडे ती दिली, बरीच रक्कम मोजली आणि जेमतेम निम्मे केसपेपर हाती आले.

पुढे पौष महिन्यात मुंबईच्या एक वृद्ध रुग्णा नेहमीप्रमाणे हवापालटासाठी आल्या. संधिवात जुना, थंडीचे दिवस, अग्नी चांगला. आम्ही भल्लातकाचा कल्प योजला. त्यांचा जुना केसपेपर हरवलेल्यांत होता. त्यांना विचारले तर "मागे तुमच्या एका औषधाने त्रास झाला होता, नाव काही आठवत नाही," एवढेच त्या म्हणाल्या. चिठ्ठी औषधालयात गेली. तेथील आमच्या ज्येष्ठ मदतनीस बाई चिठ्ठी घेऊन परत आल्या आणि हळूच म्हणाल्या, "सर, या आजींना मागे बिब्बा उतला होता. माझ्या वहीत लिहून ठेवलंय." त्यांनी वही उघडून दाखवली. पाच वर्षांपूर्वीची तारीख, अंगावर पुरळ, खाज, सूज, औषध बंद. सारे शाईने लिहिलेले होते. त्या वहीने रुग्णाला वाचवले आणि आम्हालाही. संगणकात जे असावयास हवे होते ते एका शंभर पानी वहीत होते.

त्यानंतर २०२५ च्या फेब्रुवारीत आम्ही नवा लॅपटॉप घेतला. घेण्यापूर्वी महिनाभर चौकशी केली, चुका टाळण्याचा प्रयत्न केला. त्या चौकशीचे सार व्यवसायबंधूंच्या आणि औषधी दुकानदारांच्या उपयोगी पडावे म्हणून येथे मांडत आहोत.

आधी परीक्षा, मग योजना

पुष्कळ जण दुकानात जाऊन "चांगला लॅपटॉप दाखवा" असे म्हणतात. रुग्णाने येऊन "चांगले औषध द्या" म्हणावे, तसेच हे झाले. कोणासाठी, कोणत्या कामासाठी, कोणत्या परिस्थितीत, हे ठरल्याशिवाय चांगले-वाईट ठरत नाही.

वैद्याची कामे पाहू. केसपेपर लिहिणे, त्वचारोग, व्रण, जिव्हा यांची छायाचित्रे ठेवणे, तपासण्यांचे अहवाल उघडणे, पथ्यापथ्याचे कागद छापणे, संहिता व निघंटू पाहणे, क्वचित दूरच्या रुग्णाशी दृक्‌श्राव्य संवाद साधणे. यांतील एकाही कामाला अतिवेगवान यंत्र लागत नाही. खेळांसाठी किंवा चित्रपट-संपादनासाठी वेगळे ग्राफिक कार्ड घातलेले लॅपटॉप महाग, जड आणि बॅटरी लवकर संपवणारे असतात. ते आपल्यासाठी नव्हेत.

साठवण किती लागते, याचा हिशेबही सोपा आहे. केवळ मजकुराचा एक केसपेपर पाच किलोबाइटचा धरला, तर दहा हजार केसपेपर पन्नास मेगाबाइटमध्ये मावतात. छायाचित्र तीन मेगाबाइटचे धरले, तर दहा हजार छायाचित्रांना तीस जीबी लागतात. म्हणजे ५१२ जीबीची साठवण एका चिकित्सालयाला अनेक वर्षे पुरते. एक टीबीसाठी अधिक पैसे मोजण्याऐवजी ते दुसऱ्या प्रतीवर खर्च करावेत.

द्रव्याचे चार गुण

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात चतुष्पादाच्या विवेचनात उत्तम औषधद्रव्याचे चार गुण सांगितले आहेत. ते विपुल मिळावे, प्रस्तुत कामाला योग्य असावे, त्याच्या अनेक कल्पना करता याव्यात आणि ते स्वतः संपन्न, म्हणजे निर्दोष असावे. लॅपटॉप निवडताना आम्ही हीच चौकट वापरली. ती पुरेशी ठरली.

*योग्यता.* ज्याला यंत्र उचलून न्यावयाचे आहे, त्याने प्रथम वजन पाहावे. चौदा इंची लॅपटॉप साधारण १.४ ते १.५ किलोचा असतो. साडेपंधरा इंची १.६ ते १.८ किलोचा. त्यात चार्जरचे वजन मिळवावे, कारण पिशवीत दोन्ही असतात. फरक थोडा वाटतो. पण रोज जिना चढताना आणि दुचाकीवर पाठीला पिशवी असताना तो जाणवतो. आम्ही चौदा इंची घेतला.

दुसरी गोष्ट साठवणीचा प्रकार. जुन्या हार्ड डिस्कमध्ये चकती फिरत असते आणि तिच्यापासून केसाहूनही कमी अंतरावर वाचणारे टोक तरंगत असते. चालू स्थितीत धक्का बसला तर ते टोक चकतीला घासते आणि माहिती जाते. एसएसडीमध्ये फिरणारा भागच नसतो. म्हणून प्रवासी वैद्याला एसएसडीच हवी. तिने लॅपटॉप सुरूही लवकर होतो. अतिस्वस्त यंत्रांत 'ईएमएमसी' नावाची साठवण असते. तीही स्थिरच असते, पण मंद असते आणि सहसा बदलता येत नाही; ती टाळावी.

तिसरी गोष्ट बॅटरी. जाहिरातीतील तासांवर विसंबू नये. बॅटरीची क्षमता वॅट-अवर या एककात विचारावी. लेखनासारख्या कामात लॅपटॉप सरासरी आठ वॅट वीज खातो असे धरले, तर ४१ वॅट-अवरची बॅटरी सुमारे पाच तास आणि ५० वॅट-अवरची सहा तासांहून थोडी अधिक चालेल. पडद्याचा उजेड वाढवला की हा काळ घटतो; वर्षे जातील तसाही घटतो. आमचे शिबिर चार तासांचे असते, म्हणून ५० च्या आसपासची बॅटरी आम्ही निकष धरली. यूएसबी-सी खाचेतून चार्ज होणारे यंत्र मिळाले तर उत्तम. चार्जर विसरला तरी तशा प्रकारचा पुरेशा शक्तीचा दुसरा चार्जर चालतो.

*संपन्नता.* प्रोसेसरच्या नावांचा बाजारात मोठा गोंधळ आहे. सर्वसाधारण नियम असा, की सेलेरॉन किंवा इंटेल 'एन' मालिकेतील अतिस्वस्त प्रोसेसर केवळ एका-दोन कामांपुरते पुरतात. इंटेलचा बाराव्या किंवा पुढच्या पिढीचा आय-३ अथवा आय-५, किंवा एएमडीचा रायझन ५, हे आपल्या कामाला पुरेसे आहेत. नावाच्या शेवटी 'यू' अक्षर असेल तर तो प्रोसेसर कमी वीज खाणारा, आणि 'एच' असेल तर अधिक शक्तीचा व अधिक तापणारा समजावा. एएमडीच्या ७००० मालिकेत मोठा आकडा म्हणजे नवी रचना असे नसते. तेथे तिसरा अंक रचनेची पिढी सांगतो. ७५२०यू हा दुसऱ्या पिढीच्या रचनेचा, तर ७५३०यू हा तिसऱ्या. एका अंकाचा फरक, पण गुणांत अंतर मोठे. बचनाग आणि अतिविषा एकाच कुळातील आहेत म्हणून आपण त्यांना सारखे मानत नाही. तीच दक्षता येथे घ्यावी.

रॅम आज किमान ८ जीबी हवी. १६ जीबी असेल तर यंत्र चार-पाच वर्षे सुखाने चालेल. २०२५ च्या अखेरीपासून मेमरी चिपांचे भाव जगभर चढले आणि त्याची झळ लॅपटॉपच्या किमतींना लागली. म्हणून ज्यांना १६ जीबी परवडत नसेल त्यांनी ८ जीबी घ्यावी, मात्र रॅमची एक खाच रिकामी आहे ना, हे विचारून घ्यावे. काही पातळ यंत्रांत रॅम मुख्य पाटीवरच डाख दिलेली असते. ती पुढे कधीही वाढवता येत नाही.

पडदा हा तर आम्ही सर्वांत महत्त्वाचा मानतो. देवनागरीतील जोडाक्षरे, रफार, अनुस्वार आणि उकार हे बारीक असतात. १३६६ बाय ७६८ बिंदूंच्या जुन्या धाटणीच्या पडद्यावर 'कृ' आणि 'कु' यांत फसगत होते. १९२० बाय १०८० बिंदूंचा, आयपीएस प्रकारचा पडदा घ्यावा. तो बाजूनेही स्वच्छ दिसतो, त्यामुळे रुग्णाला अहवाल दाखवता येतो. उजेडाचे एकक निट. २५० निट घरात पुरतात, पण ओसरीत किंवा मांडवात शिबिर असेल तर ३०० किंवा अधिक हवेत. चाळिशी ओलांडलेल्या वैद्यांनी या बाबतीत काटकसर करू नये.

*अनेक कल्पना.* एकाच द्रव्यापासून स्वरस, क्वाथ, चूर्ण, अवलेह होतो. तसे यंत्र अनेक कामांना जोडता आले पाहिजे. जुन्या रुंद यूएसबी खाचा किमान दोन, एक यूएसबी-सी, मोठा पडदा किंवा प्रोजेक्टर जोडण्यासाठी एचडीएमआय, आणि हेडफोनची खाच, एवढे असावे. अतिपातळ लॅपटॉपमध्ये केवळ यूएसबी-सी खाचा असतात. मग प्रिंटर आणि पेन ड्राइव्हसाठी वेगळा जोड घ्यावा लागतो आणि तो नेमका शिबिराच्या दिवशी घरी राहतो.

*विपुलता.* द्रव्य दुर्मीळ असेल तर उत्तम असूनही व्यर्थ. ज्या कंपनीची सेवा नाशिक किंवा नाशिकरोड परिसरात मिळते, जिचे चार्जर व बॅटरी सहज उपलब्ध होतात, तीच घ्यावी. खरेदीपूर्वी कंपनीच्या दूरध्वनीवर आपला पिनकोड सांगून विचारावे, की तंत्रज्ञ चिकित्सालयात येईल की यंत्र आपण नेऊन द्यावयाचे. दोन्ही प्रकारच्या हमींत फार फरक आहे.

विंडोज कोणती?

विंडोज १० चा नियमित आधार मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला. त्यानंतर घरगुती वापरकर्त्यांसाठी सुरक्षा-सुधारणांची सोय एका वर्षापुरतीच वाढवून देण्यात आली. ज्यांच्याकडे रुग्णांच्या नोंदी आहेत त्यांनी अशा यंत्रावर इंटरनेट वापरणे म्हणजे दाराला कडी न लावता झोपणे होय. विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सुरक्षा-चिप आणि ठरावीक पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. इंटेलच्या बाबतीत सर्वसाधारणपणे आठवी पिढी किंवा पुढची. आमचे जुने यंत्र सातव्या पिढीचे होते. डिस्क बदलूनही त्याचे आयुष्य वाढले नसते.

नव्या यंत्रात विंडोज ११ ची 'होम' आवृत्ती असते. एकट्या वैद्याला ती पुरते. मात्र तीन सापळे लक्षात ठेवावेत. काही स्वस्त लॅपटॉपवर विंडोज नसतेच. ती वेगळी घ्यावी लागते आणि एकूण खर्च वाढतो. काहींवर 'एस मोड' असतो. त्यात मायक्रोसॉफ्टच्या भांडारातील प्रोग्रामच चालतात. तो मोड विनामूल्य बंद करता येतो, पण पुन्हा चालू करता येत नाही. तिसरा सापळा 'आर्म' जातीच्या प्रोसेसरचा. ही यंत्रे बॅटरीच्या बाबतीत उत्तम असतात, परंतु जुन्या प्रिंटरचे, स्कॅनरचे किंवा डिजिटल स्वाक्षरीच्या टोकनचे ड्रायव्हर त्यांवर चालतीलच असे नाही. आपल्या उपकरणांविषयी खात्री झाल्याशिवाय ती घेऊ नयेत.

मराठी लेखन आणि जुन्या फाइली

येथे एका दुखण्याचा उल्लेख आवश्यक आहे. आमच्यापैकी अनेकांनी १९९० च्या दशकात आणि २००० नंतरही काही वर्षे केसपेपर त्या काळच्या मराठी फॉण्टमध्ये टाइप केले. त्या पद्धतीत संगणकाच्या लेखी ती इंग्रजी अक्षरेच असत. फॉण्ट त्यांवर देवनागरीचा वेष चढवीत असे. तो फॉण्ट नाहीसा झाला की 'अश्वगंधा'च्या जागी निरर्थक चिन्हे उरतात. डिस्कमधून परत मिळालेल्या आमच्या जुन्या फाइलींपैकी काहींची हीच गत झाली. युनिकोडमध्ये प्रत्येक देवनागरी अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे, म्हणून तो मजकूर कोणत्याही यंत्रावर मराठीच राहतो. विंडोज २००० पासून ही सोय आहे. ज्यांच्याकडे जुन्या फॉण्टमधील फाइली आहेत त्यांनी जुने यंत्र चालू आहे तोवर त्यांचे युनिकोडमध्ये रूपांतर करून घ्यावे, आणि रूपांतरानंतर औषधांची नावे व मात्रा डोळ्यांखालून घालाव्यात. रूपांतरात एखादे अक्षर बदलले तर केसपेपरमध्ये ते धोक्याचे ठरते.

नव्या यंत्रात भाषेच्या मांडणीत मराठी जोडली की इन्स्क्रिप्ट कीबोर्ड मिळतो. रोमन अक्षरांतून उच्चाराप्रमाणे लिहिण्याचा पर्यायही आहे. विंडोजची कळ आणि स्पेस एकत्र दाबल्याने इंग्रजी-मराठी अदलाबदल होते. कीबोर्डवर चिकटवण्याची देवनागरी अक्षरे अल्प किमतीत मिळतात.

नोंदी नीट असाव्यात याला आता आणखी एक कारण आहे. आयुष व्याधींच्या प्रमाणित संज्ञांचे 'नमस्ते' पोर्टल २०१७ मध्ये सुरू झाले आणि जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२४ मध्ये आयसीडी-११ मधील पारंपरिक वैद्यकाचा दुसरा विभाग प्रसृत केला. त्यात आयुर्वेद, सिद्ध व युनानी निदानांना संकेतांक आहेत. आमवाताची नोंद केवळ 'सांधेदुखी' अशी न राहता आमवात म्हणून राहू शकते. त्याचा लाभ घ्यावयाचा तर प्रथम नोंद टिकली पाहिजे.

औषधी दुकानदारांसाठी

दुकानातील गरज थोडी निराळी आहे. तेथे बिल, बॅच क्रमांक, मुदत, खरेदी-विक्रीचा मेळ आणि वस्तू-सेवा कराची विवरणपत्रे ही मुख्य कामे. गल्ल्यावरचे यंत्र हलवावयाचे नसेल तर तेथे साधा संगणक आणि यूपीएस अधिक सोयीचा. मात्र ज्यांना हिशेब घरी न्यावे लागतात, गोदाम व दुकान वेगळे आहे, किंवा वीज गेल्यावरही बिल द्यावयाचे आहे, त्यांना लॅपटॉप उपयुक्त. चौदा इंची यंत्रात उजवीकडची अंकपट्टी बहुधा नसते. दिवसभर आकडे भरणाऱ्याने वेगळी अंकपट्टी घ्यावी किंवा साडेपंधरा इंची यंत्र पसंत करावे. बिलाचा प्रिंटर आणि बारकोड वाचक हे दोन्ही यूएसबी खाच अडवतात, हेही मोजावे.

दुकानाचा एक विशेष शत्रू म्हणजे चूर्ण. वस्त्रगाळ त्रिफळा किंवा शुंठी हवेत उडते आणि पंख्यावाटे यंत्रात शिरते. झरोके बुजले की यंत्र तापते व मंदावते. मोजणी-बांधणीच्या टेबलावर लॅपटॉप ठेवू नये, आणि वर्षातून एकदा तो जाणकाराकडून आतून साफ करून घ्यावा. पंचकर्माच्या खोलीत तेलकट हाताने कीबोर्ड वापरू नये. उन्हाळ्यात गाडीच्या डिकीत यंत्र ठेवणे बॅटरीला घातक आहे.

कराचा हिशेबही पाहावा. लॅपटॉपवर १८ टक्के वस्तू-सेवा कर आहे. पन्नास हजारांच्या यंत्रात सुमारे ७,६२७ रुपये कर असतो. नियमित नोंदणी असलेल्या दुकानदाराने बिलावर आपला नोंदणी क्रमांक घातला तर दुकानाच्या वापरापुरती ही रक्कम कर-जमा म्हणून मिळू शकते. एकत्रित कर योजनेत असलेल्यांना ती मिळत नाही. वैद्याचे चिकित्सा-शुल्क करमुक्त असल्याने त्यालाही ती मिळत नाही. आपल्या कर-सल्लागाराला विचारून मगच बिल कोणाच्या नावे करावयाचे ते ठरवावे.

वापरलेले यंत्र घ्यावे काय?

कंपन्यांनी तीन-चार वर्षे वापरून काढलेले व्यावसायिक श्रेणीचे लॅपटॉप, उदाहरणार्थ थिंकपॅड, लॅटिट्यूड, एलिटबुक, दुरुस्त होऊन बाजारात येतात. बांधणी मजबूत, कीबोर्ड चांगला आणि किंमत कमी असते. नवोदित वैद्यांना हा मार्ग चांगला आहे. अट एवढीच, की प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीतील असावा, लेखी हमी असावी आणि बॅटरीची सद्यःस्थिती पाहून घ्यावी. विंडोजमध्ये बॅटरीचा अहवाल काढता येतो. त्यात मूळ क्षमता आणि आजची क्षमता दोन्ही दिसतात. आजची क्षमता निम्म्यावर आली असेल तर नव्या बॅटरीची किंमत धरूनच सौदा करावा.

खर्चाची वाटणी

आम्ही एकूण पंचावन्न हजारांची मर्यादा घातली. त्यातील अठ्ठेचाळीस हजार यंत्रासाठी, पाच हजार बाहेरच्या दोन डिस्कसाठी आणि उरलेले दोन हजार पिशवी व माऊस यांसाठी ठेवले. ज्याचा संकल्पच पंचेचाळीस हजारांचा आहे त्याने यंत्र चाळीसचे घ्यावे, पण डिस्कचे पैसे कापू नयेत. सर्व रक्कम यंत्रावर घालून दुसऱ्या प्रतीला काही न ठेवणे हीच आमची नऊ वर्षांपूर्वीची चूक होती.

नोंदींचे रक्षण

सर्वमान्य नियम असा, की माहितीच्या तीन प्रती असाव्यात, दोन वेगळ्या साधनांवर असाव्यात आणि एक प्रत वेगळ्या जागी असावी. आमची पद्धत साधी आहे. यंत्रातील मूळ प्रत. दर शनिवारी पहिल्या डिस्कवर नक्कल. आणि दुसरी डिस्क नाशिकला नातेवाइकांच्या घरी. दर महिन्याला डिस्कांची अदलाबदल होते. दर पौर्णिमेला एक जुना केसपेपर त्या नकलेतून उघडून पाहतो. न उघडलेली नक्कल म्हणजे चव न पाहिलेला आसव; झाकणाखाली काय झाले आहे ते कोणास ठाऊक?

गुप्ततेचाही विचार हवा. यंत्र बसमध्ये विसरले किंवा चोरीस गेले तर रुग्णांची माहिती परक्याच्या हाती जाऊ नये. विंडोज ११ मध्ये साठवण कुलूपबंद करण्याची सोय आहे; होम आवृत्तीतही पुष्कळ यंत्रांवर ती मिळते. तिची परतावा-किल्ली, म्हणजे अंकांची लांब साखळी, कागदावर छापून तिजोरीत ठेवावी. ती नसेल तर दुरुस्तीनंतर आपली माहिती आपल्यालाच उघडता येत नाही. बाहेरच्या डिस्कही कुलूपबंद असाव्यात. त्यासाठी होम आवृत्तीत वेगळा प्रोग्राम लागतो. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. त्यांतील तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. पण कायद्याच्याही आधी रुग्णाचे गुपित राखणे हा वैद्याचा धर्मच आहे.

खरेदीच्या दिवशी

दुकानात जाताना पेन ड्राइव्हवर आपला एक मराठी केसपेपर आणि एक छायाचित्र न्यावे. ते त्या पडद्यावर उघडून हातभर अंतरावरून वाचावे. दहा ओळी टाइप कराव्यात. यंत्र चार्जरसह उचलून पाहावे. पडदा एका हाताने उघडताना बिजागरी करकरते का, ते पाहावे. बिलावर केवळ मालिकेचे नाव न लिहिता पूर्ण मॉडेल क्रमांक, रॅम, साठवण आणि अनुक्रमांक लिहून घ्यावा. एकाच नावाखाली अनेक वेगवेगळी यंत्रे विकली जातात. सोबत मिळणारे ऑफिस कायमचे आहे की काही दिवसांपुरते, हे विचारावे. केवळ लेखन व तक्ते यांसाठी विनामूल्य लिब्रेऑफिसही पुरते. घाई नसेल तर दसरा-दिवाळी किंवा जूनमधील महाविद्यालये सुरू होण्याच्या सुमाराच्या सवलतींची वाट पाहावी.

आमच्या औषधालयातील ती शंभर पानी वही आम्ही बंद केलेली नाही. मदतनीस बाई अजूनही तीत लिहितात आणि दर शनिवारी आम्ही त्यातील नव्या नोंदी यंत्रात उतरवून घेतो. प्रत्येक केसपेपरच्या अगदी वर, नावाखालीच, 'असात्म्य द्रव्ये' अशी एक ओळ आता असते. ती रिकामी ठेवून पुढचे काही लिहावयाचे नाही, असा आम्ही नियम केला आहे.

गेल्या हिवाळ्यात त्या वृद्ध रुग्णा पुन्हा आल्या. केसपेपर उघडला आणि पहिल्याच ओळीत 'भल्लातक' हा शब्द दिसला. आम्ही दुसरी योजना लिहिली. त्यांना या साऱ्याचा पत्ताही नव्हता, आणि असण्याचे कारणही नाही. व्यवसायबंधूंनी यंत्र कोणत्याही कंपनीचे घ्यावे. पण ते घरी आणल्यावर पहिल्या शनिवारी दुसरी प्रत काढावी, एवढीच विनंती.